विषाणू दबतो, माणूस दबता कामा नये

आळंदीहून पुण्याकडे येताना भोसरी लागते. तिथल्या एमआयडीसीत १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजेच ‘नारी’, सुरू झाली. जोडीदारांपैकी एकालाच एचआयव्ही असलेल्या १,७६३ जोडप्यांच्या नऊ देशांतल्या अभ्यासात पुण्याची ही संस्थाही होती. २०११ मध्ये निष्कर्ष आला: औषधं लवकर सुरू केली, तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते.

एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीविरोधी उपचारांच्या, गोळ्या विषाणूला स्वतःच्या प्रती काढू देत नाहीत. रक्तातलं त्याचं प्रमाण चाचणीत सापडणार नाही इतकं उतरलं आणि तसंच टिकलं, तर लैंगिक संबंधांतून लागण होत नाही. पण थोडे विषाणू पेशींत दडून बसतात आणि गोळी बंद झाली की काही आठवड्यांत पुन्हा डोकं वर काढतात. म्हणून गोळी रोज, जन्मभर घ्यायची.

हे ‘रोज’च अवघड आहे. चाकणच्या कारखान्यात कंत्राटावर राबणारा, आळंदीत चौघांत एक खोली घेऊन राहणारा तरुण गोळ्यांची डबी ठेवणार कुठे? औषध आणायला खाडा केला की हजेरी बुडते. केसपेपर काढताना तृतीयपंथीयाचं नाव पुकारलं की सगळी रांग वळून बघते. औषध २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळतं, पण ही किंमत मोजावीच लागते.

सांगलीने यावर वाट काढली. ‘संग्राम’ संस्थेच्या कामातून १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही देहविक्रय करणाऱ्या बायकांची संघटना उभी राहिली. वस्तीतल्या बायकाच निरोध वाटू लागल्या, आजारी मैत्रिणीसोबत दवाखान्यात जाऊ लागल्या, तिथे अपमान झाला तर जाब विचारू लागल्या. ज्या बाईला कोणत्या घरी कधी जायचं आणि कुणासमोर काय बोलायचं नाही हे ठाऊक असतं, तिच्यावर वस्ती विश्वास टाकते.

असं काम टिकवायला मात्र कायमचा पैसा लागतो. पुण्यात तृतीयपंथीयांसाठी असलेलं, त्यांच्यातल्याच माणसांच्या सहभागाने चालणारं ‘मित्र’ क्लिनिक २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकी निधी थांबताच बंद पडलं.

पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ मध्ये तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक म्हणून कामावर घेतलं. हाच विश्वास आरोग्यसेवेतही दाखवावा. एआरटी केंद्राची वेळ कामाच्या पाळीनुसार असावी का, तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात का, हे ठरवताना गोळ्या घेणाऱ्यांनाच बैठकीत बसवावं, मानधन द्यावं आणि त्यांचं म्हणणं इतिवृत्तात नोंदवावं.