कणाकणातली चूल

मेथीची मोठी जुडी रात्री पिशवीतच राहून गेली, तर सकाळी पिशवीत हात घालून बघा. मधोमध चक्क ऊब लागते. हवा गार, ओटा गार, आणि भाजी मात्र आतून कोमट! ही ऊब येते कुठून? खुडली म्हणून मेथी लगेच मरत नाही. ती श्वास घेत असते, स्वतःतली साखर हळूहळू जाळत असते, आणि त्या जळण्याची ऊब जुडीच्या पोटात कोंडून राहते. भाजी आणल्याबरोबर जुडी सोडून मोकळी करायची आणि फडक्यात गुंडाळायची, ही आपल्या आया-आज्यांची रीत उगाच पडलेली नाही.

जे मेथीच्या पानात चालते, तेच आपल्या अंगात चालते. श्वास म्हटले की आपल्याला नाक आणि छाती आठवते. पण फुप्फुसांचे काम म्हणजे गॅसचा सिलिंडर दारापर्यंत आणून देण्याचे. खरा स्वयंपाक होतो तो आत, शरीराच्या प्रत्येक पेशीत. पोळीभाजीतली शक्ती तिथे मोकळी होते, आणि त्या शक्तीवर आपण कणीक मळतो, जिना चढतो, मुलाचा अभ्यास घेतो. नुसते पडून राहिलो तरी खर्च चालूच असतो. आपला मेंदू वजनाने शरीराच्या पन्नासाव्या हिश्श्याइतका, पण शक्तीचा पाचवा हिस्सा एकटा खातो. तेव्हा ‘बसून काय दमलीस?’ या प्रश्नाला शास्त्राचेही उत्तर आहे बरे का!

श्वसन म्हणजे संथ ज्वलन, हे फ्रान्सच्या लव्हॉझिए या शास्त्रज्ञाने १७८० नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले. त्याने आणि लाप्लासने एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला आणि त्याच्या अंगच्या उबेने किती बर्फ वितळतो ते मोजले. माणसाच्या श्वासावरही त्याने पुढे प्रयोग केले. त्यांची चित्रे त्याच्या पत्नीने, मारी-ॲन हिने काढली आहेत, आणि त्यांत एका बाजूला टेबलाशी बसून नोंदी लिहिताना तिने स्वतःलाही दाखवले आहे. बाईने केलेले काम चित्रात तरी राहिले म्हणायचे!

चुलीत आणि पेशीत फरक मात्र मोठा आहे. चूल लाकूड भडाभडा जाळते. निम्मी-अधिक आच भिंतीला आणि धुराड्याला जाते. पेशीला असे करून चालणार नाही, ती करपूनच जाईल. ती सगळे काम ३७ अंशांवर, पायरीपायरीने उरकते. आधी साखरेच्या रेणूचे दोन तुकडे होतात. या पायरीला प्राणवायू लागत नाही, पण हाती पडते तेही थोडेसेच. मग ते तुकडे पेशीतल्या अगदी बारक्या कोठड्यांत जातात. त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात; शाळेच्या पुस्तकात ‘तंतुकणिका’ असा शब्द आहे. हृदयाच्या एकेका पेशीत त्या हजारोंनी असतात. गंमत अशी, की या तंतुकणिका आपल्याला फक्त आईकडून मिळतात. मूल नाकाडोळ्यांनी बापावर गेलेले असो, त्याच्या पेशीतली चूल आईचीच. तिची तिच्या आईची, आणि तिची पणजीची.

या कोठड्यांत काय चालते? जुन्या काळी विहिरीवरून घरापर्यंत बायका रांगेने उभ्या राहून घागरी हातोहात पुढे सारीत, तसेच. अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन एका हातातून दुसऱ्या हातात असे पुढे जातात, आणि रांगेच्या टोकाला उभा असतो प्राणवायू. तो त्यांना घेतो आणि त्याचे पाणी होते. प्रत्येक हाती थोडी थोडी शक्ती सुटते आणि तिच्या जोरावर एक चक्र फिरते. ही उपमा नाही हं! तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यात खरोखरच एक इवलेसे जाते बसवलेले असते आणि ते गरगर फिरते. त्यातून पीठ पडते ते एटीपी नावाच्या रेणूंचे. (पडद्याच्या दोन बाजूंच्या फरकाने हे सारे चालते, हे सांगणाऱ्या पीटर मिचेल यांना १९७८ चे नोबेल मिळाले. आधी बरीच वर्षे त्यांचे कुणी ऐकत नव्हते.)

एटीपी म्हणजे शरीराची सुटी नाणी. पाचशेची नोट रिक्षावाला घेत नाही, तशी साखर स्नायूला थेट चालत नाही. तिची मोड करून द्यावी लागते. साखरेच्या एका रेणूमागे प्राणवायू असेल तर साधारण ३० ते ३२ नाणी मिळतात. नसेल तर फक्त २. आणि खर्च किती? एका वेळी शरीरात एटीपी असते मूठभर, पण तेच पुन्हा पुन्हा मोडून आणि घडवून दिवसभरात जवळजवळ आपल्याच वजनाइतके वापरले जाते.

आता त्या रांगेतल्या हातांकडे परत जाऊ, कारण बायकांच्या दृष्टीने गोम तिथेच आहे. त्या हातांपैकी बहुतेकांच्या मुठीत लोहाचा कण असतो. लोह आहे म्हणून इलेक्ट्रॉन पकडता येतो आणि सोडता येतो. या हातांपैकी काहींना ‘सायटोक्रोम’ असे नाव आहे. वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते, हे कुणी दाखवले ठाऊक आहे? आपल्या कमला सोहोनी यांनी. दुर्गाबाई भागवतांच्या या धाकट्या भगिनी. मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्राची पदवी घेऊन कमलाबाई १९३३ साली बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सकडे गेल्या. तेव्हा तिथले संचालक सर सी. व्ही. रामन यांनी केवळ मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी ‘वर्षभर काम बघू, मग ठरवू’ अशा अटीवर घेतले. त्यांचे काम पाहून रामन यांचे मत बदलले आणि पुढच्या मुलींना तिथली दारे उघडली. केंब्रिजला त्यांनी बटाट्यावर काम करता करता हे सायटोक्रोम गाठले आणि १९३९ साली पीएच.डी. मिळवली. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्या प्राध्यापक आणि नंतर संचालक झाल्या. बटाटा! आपण ज्याची साले काढतो, तोच.

तर लोह. बाईच्या शरीरात सगळे मिळून लोह असते अडीच-तीन ग्रॅम, एखाद्या खिळ्याइतके. त्यातले दोन-तृतीयांश रक्ताच्या हिमोग्लोबिनमध्ये प्राणवायू वाहून नेते. थोडे स्नायूंत आणि पेशींतल्या त्या रांगेत, बाकीचे साठ्याला. रक्तातल्या तांबड्या पेशींची एक गोष्ट मला फार लागते. त्यांच्यात तंतुकणिका नसतातच. अंगभर प्राणवायू पोचवतात, पण स्वतःच्या पोटासाठी त्यातला कणही वापरत नाहीत. प्राणवायूवाचून मिळणाऱ्या त्या दोन नाण्यांवर १२० दिवस काढतात. पंगतीला वाढून वाढून शेवटी उरलासुरला ताकभात खाऊन उठणारी बाई आठवते की नाही?

या खिळ्यातून दरमहा पाळीत काही झिजते. एका गर्भारपणाला सगळे मिळून १ ग्रॅमच्या आसपास लोह लागते. आत येते किती? जेवणातून रोज जेमतेम १-२ मिलिग्रॅम. हिशेब जुळत नाही हे चौथीतली मुलगीही सांगेल. म्हणूनच २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के, आणि आपल्या महाराष्ट्रात ५४ टक्के, रक्तक्षय असलेल्या निघाल्या. म्हणजे गल्लीतल्या दोघींपैकी एक तरी.

आणि घरात काय बोलले जाते? ‘दोन जिने चढली की धापा टाकते.’ ‘सकाळी उठतानाच हिला कंटाळा.’ ‘आमच्या वेळी नव्हतं बाई असलं!’ सून ऐकून घेते, सासूने तिच्या तरुणपणी ऐकून घेतलेले असते, आणि दोघींनाही वाटते, आपण आळशीच. अहो, चुलीला हवाच पुरेशी पोचत नाही, वर रांगेतले हात कमी पडतात, तर आच लागणार कुठून? बत्तिसाच्या जागी दोन नाणी हाती येऊ लागली, तर कुठली गृहिणी संसार ओढील? रक्तक्षय दिसण्याआधी साठा रिता होतो, आणि तेव्हाही थकवा येऊ शकतो. म्हणून हिमोग्लोबिनबरोबर ‘फेरिटिन’ तपासायचे का, ते डॉक्टरांना जरूर विचारा. हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गर्भारपणी ११ च्या खाली, म्हणजे रक्तक्षय. थकव्याची कारणे इतरही असतात, थायरॉइड त्यांतले एक. म्हणून अंदाजाने औषध नको. थॅलॅसेमिया किंवा सिकलसेल घराण्यात असेल, तर तपासल्याशिवाय लोहाच्या गोळ्या मुळीच सुरू करू नयेत.

स्वयंपाकघरात काय करता येईल? पालकाचा फार बोलबाला आहे, पण त्यातले लोह अंगी फार कमी लागते. अळीव, बाजरी, तीळ, कडधान्ये बरी. मांस-मासळी चालत असेल तर तिच्यातले लोह सर्वांत सहज शोषले जाते. भाजीवर, उसळीवर लिंबू पिळा, नाहीतर ताटात आवळ्याची फोड घ्या. त्यातल्या ‘क’ जीवनसत्त्वाने लोह शोषायला मदत होते. लोखंडी कढई माळ्यावरून खाली काढा. टोमॅटो-चिंचेची आंबट भाजी तिच्यात शिजली तर थोडे लोह भाजीत उतरतेच; फक्त शिजल्यावर तीत ठेवू नका, काळी पडते. आणि जेवणावरचा चहा! तो लोहाला वाटेतच अडवतो. तासाभराने प्या, पण जेवणाला लागून नको.

एवढ्याने रिता साठा भरत नाही, गोळ्या लागतातच. त्या दुधाबरोबर किंवा चहाबरोबर घेऊ नयेत, लिंबूपाण्याबरोबर घ्या. शौचाला काळे होते, त्याला घाबरू नका. मळमळ झाली तर गोळी बंद न करता डॉक्टरांना सांगा. एक दिवसाआड घेऊनही चालते का ते ते पाहतील. हिमोग्लोबिन वर आले की बऱ्याच जणी गोळ्या सोडून देतात आणि सहा महिन्यांत पुन्हा तिथेच येतात. रक्त भरले तरी साठा भरायला आणखी दोन-तीन महिने लागतात. आणि हो, गोळ्यांची डबी उंचावर, कुलपात ठेवा. रंगीत गोळ्या बघून लहान मुले त्या चॉकलेटसारख्या खातात, आणि मुठीभर लोह लहानग्याला विषासारखे बाधते. चुकून खाल्ल्या तर उलटी होण्याची वाट न पाहता, डबी हातात घेऊनच, तडक दवाखाना गाठा.