इंग्रजीची परीक्षा आणि मराठी माध्यमाचा विद्यार्थी

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतील गोष्ट. एका धनादेशावरील सही खोटी असावी असा मला संशय आला. मी साहेबांना इंग्रजीत टिपण लिहिले, ‘आय डाउट दॅट द सिग्नेचर इज फोर्ज्ड.’ साहेबांनी विचारले, “म्हणजे सही खरी आहे म्हणता ना?” मी गोंधळलो. मराठीत ‘शंका’ हा शब्द दोन्हीकडे चालतो. इंग्रजीत मात्र ‘डाउट’ म्हणजे तसे नसावे असे वाटणे, आणि ‘सस्पेक्ट’ म्हणजे तसे असावे असे वाटणे. मी नेमके उलटे लिहिले होते! धनादेश वटण्यापूर्वी चूक कळली म्हणून निभावले. हाती बी.ए.ची पदवी असूनही ही अवस्था होती.

आज आपली मुले-मुली परदेशी विद्यापीठांत शिकायला जाण्याची तयारी करीत आहेत. त्यासाठी अनेक ठिकाणी आयईएलटीएस ही परीक्षा मागतात. श्रवण, वाचन, लेखन व संभाषण असे तिचे चार भाग असून निकाल 0 ते 9 या पट्टीवर देतात. या परीक्षेची भीती वाटणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी चार गोष्टी सांगतो.

व्याकरण : याची वेगळी प्रश्नपत्रिका नसते. पण लेखन व संभाषण या दोन्ही भागांत एक चतुर्थांश गुण व्याकरणाला आणि तितकेच शब्दसंपत्तीला असतात. आपल्या बहुतेक चुका मराठी वाक्य जसेच्या तसे इंग्रजीत नेल्यामुळे होतात. ‘मी दोन वर्षांपासून नागपुरात राहतो’ याचे आपण ‘आय लिव्ह इन नागपूर सिन्स टू इयर्स’ असे करतो. बरोबर वाक्य ‘आय हॅव लिव्ड इन नागपूर फॉर टू इयर्स’ असे आहे. ‘सिन्स’पुढे सुरुवातीची वेळ येते, तर ‘फॉर’पुढे कालावधी. ‘चर्चा करणे’ यासाठी नुसते ‘डिस्कस’ पुरते, पुढे ‘अबाउट’ नको. अशा चुकांची स्वतंत्र वही ठेवावी. एका पानावर चुकलेले वाक्य, समोर दुरुस्त वाक्य आणि खाली स्वतः रचलेली दोन वाक्ये.

शब्दसंग्रह : शब्दकोशातील याद्या पाठ करू नयेत. माझी फजिती त्यामुळेच झाली. मला शब्दाचा अर्थ ठाऊक होता, वापर ठाऊक नव्हता. शब्द नेहमी वाक्यासह टिपावा. रोज पाचच घ्यावेत आणि आठवड्याने उजळणी करावी.

उताऱ्याचे आकलन : वाचनाच्या भागात 60 मिनिटांत 40 प्रश्न सोडवायचे असतात. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही जागा कोरी सोडू नये. ‘दोनपेक्षा अधिक शब्द नकोत’ अशी सूचना असताना तीन शब्द लिहिले तर उत्तर चूक धरतात. स्पेलिंगही बरोबर हवे.

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे ‘ट्रू’, ‘फॉल्स’ की ‘नॉट गिव्हन’ हे ठरविणे. समजा, उताऱ्यात लिहिले आहे, ‘गावातील वाचनालय सुरुवातीला फक्त संध्याकाळी उघडत असे.’ मग ‘ते तेव्हा दिवसभर उघडे असे’ हे विधान ‘फॉल्स’, कारण उतारा त्याच्या विरुद्ध सांगतो. ‘तेथे मुलींची संख्या जास्त होती’ हे ‘नॉट गिव्हन’, कारण त्याविषयी उतारा गप्प आहे. हुशार मुले इथेच चुकतात. त्यांना विषयाची माहिती असते आणि ती उत्तरात घुसते. उत्तर आपल्या डोक्यात नव्हे, उताऱ्यात शोधावे. ज्या ओळीवरून उत्तर दिले तिच्याखाली पेन्सिलने रेघ ओढावी. रेघ ओढता आली नाही, तर पुन्हा वाचावे.

सरावाला प्रथम घड्याळ लावू नये. महिनाभर सावकाश वाचावे, चुकांची कारणे लिहावीत, मगच एका उताऱ्याला 20 मिनिटे हा हिशेब धरावा. रोज एक तास पुरे, पण तो रोज हवा. इंग्रजी ही कुणाची मिरासदारी नाही. माझ्यासारख्या मराठी शाळेत शिकलेल्यालाही ती आली. फक्त उशिरा आली. तुम्ही तो उशीर टाळू शकता.