ट्रॅक्टरने ओढावयाची कंबाइन मागे का पडली?

खरिपाचे पीक पक्व झाले म्हणजे शेतकऱ्याच्या हाती दिवस थोडे उरतात. सोयाबीनची कापणी लांबली तर वाळलेल्या शेंगा शेतातच तडकतात व दाणे जमिनीवर सांडतात. कापून रचलेल्या ढिगावर पावसाची सर आली तर दाणा डागाळतो. मजूरही नेमके याच वेळी मिळत नाहीत. अशा वेळी घरी ट्रॅक्टर असेल, तर त्याच्या मागे जोडावयाचे जुने कापणी-मळणी यंत्र स्वस्तात मिळाल्यास का घेऊ नये, असा विचार जिवतीसारख्या डोंगराळ तालुक्यातील शेतकऱ्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. अशा यंत्रांची परदेशात एके काळी मोठी चलती होती. ती का संपली, हे समजून घेतल्यास पैसा गुंतविण्यापूर्वी योग्य निर्णय करता येईल.

यंत्राची वाटचाल

उभे पीक कापणे, मळणे व धान्य स्वच्छ करणे ही तिन्ही कामे एकाच फेरीत करणाऱ्या यंत्रास कंबाइन म्हणतात. आपल्याकडे त्यास हार्वेस्टर असेही म्हणतात. अमेरिकेतील मिशिगन राज्यात हायरम मूर याने १८३० नंतरच्या दशकात असे यंत्र बनविले. ते घोडे ओढीत असत. पुढे घोड्यांची जागा ट्रॅक्टरने घेतली. १९३५ साली ॲलिस-चाल्मर्स या कंपनीने पाच फूट रुंदीचा पट्टा कापणारी लहान कंबाइन विक्रीस आणली. ती ट्रॅक्टरच्याच शक्तीवर चालत असल्याने मध्यम शेतकऱ्यासही परवडू लागली.

परंतु लवकरच मॅसी-हॅरिस कंपनीने स्वतःच्या इंजिनावर चालणारी कंबाइन तयार केली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मनुष्यबळ व पोलाद या दोहोंची टंचाई होती. १९४४ साली अशा ५०० यंत्रांचा ताफा दक्षिणेकडून उत्तरेकडे पिकणाऱ्या शेतांबरोबर सरकत गेला आणि त्याने दहा लाख एकरांहून अधिक क्षेत्राची कापणी केली. त्यानंतर ओढावयाच्या यंत्रांचे महत्त्व उत्तरोत्तर कमी होत गेले. भारतातही पंजाब ट्रॅक्टर्स या कंपनीने १९८० साली ‘स्वराज ८१००’ ही स्वयंचलित कंबाइन बाजारात आणली.

मागे पडण्याची कारणे

पहिले कारण पहिल्या फेरीचे. ओढावयाच्या यंत्राचे पाते ट्रॅक्टरच्या एका बाजूस असते. शेतात प्रथम शिरताना ट्रॅक्टर उभ्या पिकातूनच चालतो व पीक तुडविले जाते. म्हणून धुऱ्यालगतचा पट्टा आधी विळ्याने कापून घ्यावा लागतो. हा पट्टा आठ फूट रुंद धरू. दहा एकरांच्या चौरस शेताची बाजू ६६० फूट असते. तेथे सभोवारचा पट्टा सुमारे १९ गुंठे, म्हणजे शेकडा पाचपेक्षाही कमी भरतो. एक एकराच्या चौरस शेताची बाजू सुमारे २०९ फूट असते. तेथे तोच पट्टा जवळजवळ ६ गुंठे, म्हणजे शेकडा पंधरा होतो. दहा गुंठ्यांच्या बांधीत तर चौथ्या हिश्श्याहून अधिक पीक हातानेच कापावे लागेल. शेत जितके लहान, तितका या यंत्राचा लाभ कमी. स्वयंचलित यंत्राचे पाते पुढे असल्याने ते स्वतःची वाट स्वतःच कापीत जाते.

दुसरे कारण शक्तीच्या वाटणीचे. ट्रॅक्टरच्या मागील शक्तिदंडाचे सामान्य प्रमाण मिनिटास ५४० फेरे हे आहे. जुन्या ट्रॅक्टरांत क्लच दाबताच चाके व शक्तिदंड दोन्ही थांबतात. दाट पिकात किंवा चढावर इंजिन दमले की मळणीच्या ड्रमची गतीही उतरते. मग दाणे कणसात राहतात, अथवा यंत्र तुंबते.

तिसरे कारण असे की, कापणी चालू असेतो ट्रॅक्टर त्याच कामास अडकून पडतो आणि रब्बीची मशागत खोळंबते. शिवाय ट्रॅक्टर व यंत्र मिळून लांबी वाढत असल्याने वळण्यास जागाही पुष्कळ लागते.

जिवतीच्या शेताचा विचार

माणिकगडच्या डोंगरावरील पुष्कळ शेते उताराची, उथळ व दगडगोट्यांची आहेत. आडव्या उतारावर यंत्र खालच्या बाजूस घसरू पाहते. त्याच्या चाळणीवरील धान्यही एका कडेस गोळा होऊन भुश्शाबरोबर बाहेर पडते. सोयाबीनच्या खालच्या शेंगा जमिनीलगत असतात. त्या मिळविण्यासाठी पाते खाली घेतल्यास दगड आत जाऊन नुकसान होते. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी असतील तर कोणतेच कंबाइन त्यांतून चालविता येत नाही. म्हणून अशा शेतात विळ्याने कापणी करून, ट्रॅक्टर खळ्यावर उभा ठेवून त्यावर मळणी यंत्र चालविणे अधिक हिताचे होय. त्यामुळे गुरांसाठी कुटारही एका जागी मिळते. बियाण्यासाठी ठेवावयाच्या सोयाबीनची मळणी करताना ड्रमची गती मिनिटास ३५० ते ४०० फेऱ्यांपर्यंतच ठेवावी. अधिक गतीने दाण्याचे टरफल फुटून उगवणशक्ती घटते. मळणीच्या वेळी धोतराचा सोगा व लुगड्याचा पदर खोचून घ्यावा आणि पेंढी आत सारताना हात तोंडाजवळ नेऊ नये.

जेथे शेत सपाट, मोठे व एकाच पिकाचे आहे, तेथे स्वयंचलित यंत्र भाड्याने आणण्यास हरकत नाही. जिल्ह्याच्या पूर्व भागातील मूल, सिंदेवाही, नागभीड व ब्रह्मपुरी या धानपट्ट्यात बांधी ओली असल्यास चाकांऐवजी साखळीपट्ट्यावर चालणारे यंत्र मागवावे. दोन-चार शेजाऱ्यांनी लागून असलेली शेते एकाच दिवशी कापावयास दिल्यास यंत्राच्या खेपा वाचतात. यंत्र शेतात येण्यापूर्वी झाडून स्वच्छ करून घ्यावे. नाही तर दुसऱ्या शेतातील तणांचे बी व भेसळीचे दाणे आपल्या शेतात येतात.

सांडीची परीक्षा

यंत्र पहिली फेरी करून पुढे गेले की, एक मीटर लांब व एक मीटर रुंद चौकट तीन-चार ठिकाणी ठेवून खाली पडलेले दाणे मोजावेत. कापणीपूर्वीच गळलेले दाणे त्यातून वजा करावेत. सोयाबीनचे शंभर दाणे साधारण १० ते १२ ग्रॅम भरतात. तेव्हा प्रत्येक चौकटीत शंभर दाणे सापडले, तर एकरी ४० ते ५० किलो धान्य मातीत गेले असे समजावे. अशा वेळी चालकास थांबवून यंत्राचा वेग, पात्याची उंची व वाऱ्याचा झोत नीट करून घ्यावा. हा हिशेब पहिल्या फेरीनंतरच करावा. सर्व शेत कापून झाल्यावर त्याचा उपयोग नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी कापणीपूर्वी गावात एका शेतावर ही चौकट ठेवून परीक्षा करून दाखवावी. जुने यंत्र विकत घेऊ इच्छिणाऱ्या शेतकऱ्यास आपल्या शेताची बाजू पावलांनी मोजून धुऱ्यालगतच्या पट्ट्याचा हिशेब स्वतः करावयास सांगावे. एवढे केल्यास कोणते यंत्र आपल्या कामाचे व कोणते नाही, हे त्याचे त्यालाच कळून येईल.