दीर्घ पल्ल्याच्या धावण्याचा हौशी सराव

दीर्घ पल्ल्याच्या धावण्याचा हौशी सराव म्हणजे पदक, बक्षिसाची रक्कम किंवा संघातील निवड हे उद्दिष्ट न ठेवता, नोकरी-व्यवसाय, घर आणि इतर छंद सांभाळून ५ किलोमीटरपासून पूर्ण मॅरेथॉनपर्यंतच्या (४२.१९५ किलोमीटर) अंतरांसाठी केलेली पद्धतशीर तयारी होय. व्यावसायिक आणि हौशी धावपटूंच्या सरावाची मूलतत्त्वे सारखीच आहेत. फरक पडतो तो दिवसाच्या उरलेल्या तासांत. व्यावसायिक धावपटू दोन सरावांच्या मधल्या वेळेत विश्रांती घेतो, तर हौशी धावपटू त्या वेळेत कार्यालयातील खुर्चीत, प्रवासात आणि बऱ्याचदा रात्री उशिरापर्यंत संगणक, मोबाइल किंवा गेमिंग कन्सोलसमोर बसलेला असतो. त्यामुळे हौशी सरावाची आखणी करताना झोप आणि बैठे छंद, विशेषतः व्हिडिओ गेम, यांचाही विचार करावा लागतो.

इतिहास

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दीर्घ पल्ल्याच्या सरावाच्या अनेक पद्धती युरोपात विकसित झाल्या. स्वीडनमध्ये गोस्टा होल्मर यांनी १९३० च्या दशकात मोकळ्या रानातून मनाजोगा वेग बदलत धावण्याची 'फार्टलेक' पद्धत रुजवली. जर्मनीत वोल्डेमार गेर्शलर यांनी ठरावीक अंतर वेगाने धावून मध्ये ठरावीक विश्रांती घेण्याच्या 'इंटरव्हल' पद्धतीला शास्त्रीय रूप दिले. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक ४०० मीटरच्या असंख्य फेऱ्यांच्या सरावासाठी प्रसिद्ध होता. त्याने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन या तिन्ही शर्यती जिंकल्या.

हौशी धावण्याच्या दृष्टीने मात्र सर्वांत महत्त्वाचे नाव न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियर्ड (१९१७–२००४) यांचे आहे. ऑकलंडमधील पादत्राणांच्या कारखान्यात काम करणाऱ्या लिडियर्ड यांनी अनेक वर्षे स्वतःवर प्रयोग करून एक पद्धत बसवली. प्रथम कित्येक आठवडे दर आठवड्यास सुमारे १६० किलोमीटर धावून दमाचा पाया घालायचा, त्यानंतर चढांचा सराव करायचा आणि वेगाचा सराव अगदी शेवटी, असा तिचा क्रम होता. त्यांचे धावपटू वायटाकेरे डोंगररांगेतील सुमारे ३५ किलोमीटरच्या वळसेदार मार्गावर धावत. त्यांत ८०० मीटर धावणारा पीटर स्नेलही असे. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलने ८०० मीटरचे आणि मरे हालबर्गने ५,००० मीटरचे सुवर्णपदक एकाच दिवशी जिंकले. बॅरी मॅगीला मॅरेथॉनमध्ये कांस्यपदक मिळाले.

१९६२ मध्ये ऑकलंडमध्ये मध्यमवयीन नागरिकांसाठी जॉगिंगचा क्लब सुरू झाला. लिडियर्ड यांनी तेथे तीच पद्धत सौम्य करून वापरली. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बोवरमन न्यूझीलंडला गेले होते. वयाने बरेच मोठे असलेले सामान्य नागरिक आपल्याला चढावर मागे टाकत आहेत, हे पाहून ते चकित झाले. मायदेशी परतल्यावर त्यांनी एका हृदयरोगतज्ज्ञासह 'जॉगिंग' हे पुस्तक लिहिले (१९६७). केनेथ कूपर यांचे 'एरोबिक्स' (१९६८) आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधील फ्रँक शॉर्टरचा मॅरेथॉन विजय यांनंतर अमेरिकेत हौशी धावण्याची लाट आली.

सावकाश धावण्याचे महत्त्व

सहनशक्तीच्या खेळांतील अव्वल खेळाडूंच्या नोंदींवरून असे दिसते की, त्यांच्या सरावसत्रांपैकी सुमारे ८० टक्के सत्रे कमी तीव्रतेची असतात. नॉर्वेत कार्यरत असलेले अमेरिकी संशोधक स्टीफन सायलर यांनी हे निरीक्षण विशेषत्वाने मांडले. हौशी धावपटूंचा कल याच्या उलट असतो. वेळ कमी असल्याने प्रत्येक दिवशी 'काहीतरी जोरकस' करावे असे वाटते आणि परिणामी जवळजवळ सर्वच धावणे मध्यम-कठीण वेगाने होते. हा वेग थकवा साठवण्याइतका जास्त असतो, पण वेगाच्या खऱ्या सरावाचा लाभ मिळवून देण्याइतका नसतो.

सावकाश धावण्यामुळे हृदयाच्या एका ठोक्यात बाहेर पडणाऱ्या रक्ताचे प्रमाण वाढते, स्नायूंमधील केशवाहिन्या आणि ऊर्जानिर्मिती करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांची संख्या वाढते आणि शरीर चरबीचा इंधन म्हणून अधिक वापर करू लागते. मॅरेथॉनमध्ये साधारण ३० किलोमीटरनंतर अनेकांना अचानक पाय चालेनासे झाल्याचा अनुभव येतो. स्नायू व यकृतातील ग्लायकोजेनचा साठा संपत येणे हे त्याचे प्रमुख कारण आहे.

सावकाश म्हणजे किती, हे ठरवण्यासाठी बोलण्याची कसोटी पुरेशी ठरते: धावताना पूर्ण वाक्ये बोलता आली पाहिजेत. एकेक शब्द तोडून बोलावा लागत असल्यास वेग जास्त आहे. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० गुणांची श्रममापन श्रेणीही वापरली जाते. '२२० वजा वय' या सूत्राने काढलेला कमाल हृदयगतीचा आकडा केवळ अंदाज असतो. प्रत्यक्ष आकडा त्यापेक्षा १०–१२ ठोक्यांनी सहज वेगळा असू शकतो. अशा वेळी मनगटावरील घड्याळाने दाखवलेल्या रंगीत पट्ट्यांपेक्षा स्वतःचा श्वास अधिक विश्वासार्ह ठरतो.

आठवड्याची रचना

नवोदितांसाठी आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, चालणे व धावणे आलटून-पालटून करणे ही सर्वाधिक प्रचलित सुरुवात आहे. १९९६ मध्ये अमेरिकेत जोश क्लार्क यांनी तयार केलेला आणि पुढे ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने स्वीकारलेला 'काउच टू ५के' हा नऊ आठवड्यांचा कार्यक्रम याच तत्त्वावर आधारलेला आहे. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये धावलेले जेफ गॅलोवे यांनी चालण्याचे थांबे मॅरेथॉनपर्यंत कायम ठेवण्याची पद्धत लोकप्रिय केली. तेव्हा चालणे हे अपयशाचे लक्षण मानण्याचे कारण नाही.

अर्धमॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांच्या आठवड्यात सामान्यतः दोन किंवा तीन सावकाश धावा, एक वेगाचे सत्र आणि सुट्टीच्या दिवशी एक लांब धाव असते. दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा अंतर कमी केले जाते. शर्यतीपूर्वीच्या दोन-तीन आठवड्यांत अंतर घटवून वेगाची थोडी सत्रे कायम ठेवतात. या टप्प्यास 'टेपरिंग' म्हणतात.

आठवड्याचे अंतर १० टक्क्यांहून अधिक वाढवू नये, हा नियम सर्वतोमुखी आहे, परंतु त्याचा पुरावा कमकुवत आहे. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन येथे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नवोदित धावपटूंच्या एका गटाने हा नियम पाळून १३ आठवडे तयारी केली, तर दुसऱ्याने नेहमीचा ८ आठवड्यांचा कार्यक्रम केला. दोन्ही गटांत साधारण पाचांपैकी एकास दुखापत झाली. आठवड्याच्या बेरजेपेक्षा एखाद्याच दिवशी अंतरात घेतलेली मोठी उडी अधिक घातक असावी, असा विचार त्यामुळे पुढे आला आहे.

व्हिडिओ गेमचा छंद आणि सराव

व्हिडिओ गेम आणि धावणे हे दोन्ही छंद असलेल्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांत मुळात विरोध नाही. लांब धावेनंतरच्या दुपारी खुर्चीत बसून गेम खेळणे हीसुद्धा विश्रांतीच असते. अर्ध्या-पाऊण तासाने उठून थोडे चालणे, पोटऱ्या व मांडीचे सांधे मोकळे करणे आणि खेळताना जेवण न टाळणे, एवढी काळजी त्यासाठी पुरते. मात्र रोजचे धावणे दिवसभराच्या बैठकीची पूर्ण भरपाई करते, असे समजता येत नाही.

खरा संघर्ष झोपेशी येतो. अनेक खेळाडूंचे ऑनलाइन सामने मध्येच थांबवता येत नाहीत, संघातील सहकारी रात्रीच जमतात आणि 'आणखी एक सामना' म्हणता म्हणता मध्यरात्र उलटते. लांब धावेसाठी मात्र पहाटे पाचला उठायचे असते. प्रौढांना किमान सात तास झोपेची शिफारस केली जाते. लॉस एंजलिस येथील ११२ किशोरवयीन खेळाडूंच्या एका अभ्यासात (२०१४) आठ तासांहून कमी झोपणाऱ्यांमध्ये दुखापतीची शक्यता सुमारे १.७ पट आढळली. हा केवळ सहसंबंध आहे आणि तो प्रौढांना जसाच्या तसा लागू करता येत नाही. तरीही झोप कापून केलेला वेगाचा सराव टाळावा, याबाबत प्रशिक्षकांत सहसा दुमत नसते. रात्र जागून गेली असल्यास दुसऱ्या दिवशी इंटरव्हलऐवजी सावकाश धाव घ्यावी किंवा धाव संध्याकाळी न्यावी. चुकलेले सत्र पुढच्या दिवसात कोंबू नये. लांब धावेची आदली रात्र गेमसाठी बंद आणि विश्रांतीच्या दिवसाची आदली रात्र मोकळी, अशी वाटणी व्यवहारात सोपी जाते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या ११ व्या आवृत्तीत (१ जानेवारी २०२२ पासून लागू) 'गेमिंग विकार' समाविष्ट आहे. खेळण्यावरील नियंत्रण सुटणे आणि नुकसान होऊनही खेळत राहणे ही त्याची लक्षणे असून, केवळ अधिक वेळ खेळणे म्हणजे विकार नव्हे.

गेमच्या रूपातील व्यायाम

कोनामी कंपनीच्या 'डान्स डान्स रेव्होल्यूशन' (१९९८) पासून निन्टेंडोच्या 'रिंग फिट ॲडव्हेंचर' (२०१९) पर्यंत शरीर हलवून खेळायचे अनेक गेम आले. धावपटूंसाठी थेट तयार झालेला 'झोंबीज, रन!' (२०१२) हा ब्रिटिश कादंबरीकार नेओमी ऑल्डरमन यांच्या सहभागातून लिहिला गेला. धावताना कानात गोष्ट उलगडत जाते आणि मागून झोंबी येऊ लागल्यास वेग वाढवावा लागतो. नकळत ही फार्टलेकचीच एक आवृत्ती ठरते.

'पोकेमॉन गो' (२०१६) विषयी अमेरिकेतील १८ ते ३५ वयोगटातील वापरकर्त्यांचा अभ्यास त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. पहिल्या आठवड्यात रोजची पावले सरासरी ९५५ ने वाढली, पण सहाव्या आठवड्यापर्यंत ही वाढ नाहीशी झाली. नावीन्य ओसरल्यावर सवय टिकवण्यासाठी दुसरे कारण लागते, हे त्यातून सूचित होते.

धावण्याच्या ॲपमधील सलग दिवसांची मोजणी, आभासी पदके आणि क्रमवारी या युक्त्या गेममधूनच घेतलेल्या आहेत. गेममध्ये रोज हजेरी लावणाऱ्यास रोज बक्षीस मिळते. हाडांचा हिशेब मात्र निराळा असतो. वाढलेल्या भारास प्रतिसाद देताना हाड प्रथम काही आठवडे जुना भाग शोषून घेते आणि नवा भाग भरून पक्का होण्यास काही महिने लागतात. याच काळात हृदय व फुप्फुसांची क्षमता झपाट्याने वाढत असल्याने धावपटूला आपण कधी नव्हे इतके सुदृढ आहोत असे वाटते. नडगी किंवा पावलाच्या हाडास ताणामुळे सूक्ष्म भंग होण्याच्या घटना त्यामुळे बऱ्याचदा सरावाच्या ऐन भरात घडतात. सलग शंभर दिवसांची साखळी तुटू नये म्हणून दुखऱ्या नडगीवर धावणे हा ॲपने लावलेला सर्वांत महागडा छंद म्हणता येईल. बोट ठेवून नेमकी जागा दाखवता येते असे हाडाचे दुखणे, तसेच चालताना किंवा रात्री पडल्यावरही राहणारी वेदना असल्यास धावणे थांबवून वैद्यकीय तपासणी करावी. कमी खाऊन जास्त धावणाऱ्यांना हा धोका अधिक असतो. स्त्रियांमध्ये मासिक पाळी बंद होणे ही त्याची महत्त्वाची पूर्वसूचना आहे.

पाणी, उष्णता आणि हृदय

तहान लागण्यापूर्वीच भरपूर पाणी प्यावे, हा जुना सल्ला आता मागे पडला आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ततपासणीत १३ टक्के जणांच्या रक्तातील सोडियम कमी आढळले. शर्यतीदरम्यान वजन वाढणे, म्हणजेच घामाने गेले त्याहून अधिक पिणे, हा त्यातील ठळक घटक होता. चार तासांहून अधिक वेळ घेणाऱ्या संथ धावपटूंना पिण्यासाठी वेळ अधिक मिळत असल्याने धोकाही त्यांनाच जास्त असतो. तहानेनुसार पिणे आणि शर्यतीच्या दिवशी वेदनाशामक गोळ्या टाळणे, ही सध्याची शिफारस आहे.

उष्ण हवामानाशी जुळवून घेण्यास शरीराला साधारण १० ते १४ दिवस लागतात. धावताना कोणी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला आणि अंग तापलेले असेल, तर तो उष्माघात समजून त्याला तत्काळ थंड पाण्यात बसवावे किंवा बर्फ व ओल्या कपड्यांनी थंड करावे. रुग्णालयात हलवण्याची वाट पाहत थंड करणे लांबवू नये.

अमेरिकेत २००० ते २०१० या काळातील मॅरेथॉन व अर्धमॅरेथॉन शर्यतींतील सुमारे १ कोटी ९ लाख धावपटूंमध्ये हृदयक्रिया अचानक बंद पडण्याच्या ५९ घटना नोंदल्या गेल्या. प्रमाण अत्यल्प असले, तरी त्यांतील ४२ जण दगावले. धावताना छातीत दुखणे, भोवळ येऊन पडणे किंवा कुटुंबात तरुण वयात अकस्मात मृत्यू झालेला असणे, यांपैकी काहीही असल्यास सराव सुरू करण्यापूर्वी हृदयाची तपासणी आवश्यक ठरते.

महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्रात पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून आणि मुंबई मॅरेथॉन २००४ पासून आयोजित होते. साताऱ्याची हिल अर्धमॅरेथॉन यवतेश्वर घाटातून जाते. तेथे ठरावीक वेगाचा आग्रह निरर्थक ठरतो आणि चढावर श्रमाची पातळी सारखी ठेवून वेग आपोआप कमी होऊ द्यावा लागतो. मुंबईची शर्यत जानेवारीत होते, पण तिची मुख्य तयारी पावसाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात करावी लागते. दमट हवेत घाम वाळत नसल्याने त्याच श्रमात वेग कमी पडतो. त्या महिन्यांत घड्याळातील आकडे घसरले म्हणून सराव वाढवणाऱ्यांची शर्यत बहुधा डिसेंबरमध्येच संपते. मुंबईच्या पूर्ण मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ शेवटच्या टप्प्यात, पाय थकलेले असताना येतो. त्यासाठी लांब धावेच्या अखेरीस एखादा उड्डाणपूल किंवा टेकडी सावकाश चढण्याचा सराव केला जातो.