दिवेलागणीची वेळ

हिंगोली जिल्ह्यातील खेड्यांत दिवेलागणीची वेळ मोठी लगबगीची असते. हळदीच्या, सोयाबीनच्या शेतांतून माणसे घरी परततात. गोठ्यात जनावरांपुढे वैरण पडते. अशा वेळी एखाद्या घराच्या ओसरीवर एक मूल वडिलांजवळ येऊन बसते. शाळेत घडलेली एक गोष्ट त्याला सांगावयाची असते. वडील नुसते ‘हं’ म्हणतात. त्यांची दृष्टी हातातील मोबाइलवर खिळलेली असते. मूल थोडा वेळ थांबते, पुन्हा हाक मारते आणि शेवटी उठून जाते.

ही घटना वरवर क्षुल्लक दिसते. परंतु ती रोजच घडू लागली, तर तिचा परिणाम खोलवर होतो. मूल बोलावयास शिकण्यापूर्वीच चेहरा वाचावयास शिकते. दीड-दोन महिन्यांचे तान्हे बाळही आईच्या हसण्यास हसून उत्तर देते. पुढे भीती वाटली की ते आईच्या मुद्रेकडे पाहते; तेथे धीर दिसला की त्याची भीती ओसरते. राग कसा आवरावा, दुसऱ्याचे दुःख कसे ओळखावे, हे धडे ते या देवघेवीतूनच गिरविते.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० नंतरच्या दशकात एक प्रयोग केला. आई प्रथम बाळाशी खेळे. मग काही मिनिटे ती निर्विकार मुद्रेने स्तब्ध बसे. बाळ हसून, हात पुढे करून तिला बोलते करू पाही. ते साधले नाही, की तोंड फिरवी किंवा रडू लागे. आई पुन्हा बोलू लागली, म्हणजे ते हळूहळू सावरे. त्या काळी घरोघर मोबाइल नव्हते. तथापि मोबाइलमध्ये गढलेला चेहराही मुलास तसाच मुका भासतो. मग एखादे मूल हट्टाने लक्ष वेधू लागते, तर एखादे मनातले सांगणेच सोडून देते.

म्हणून मोबाइल हा काही वैरी नव्हे. हळदीचा भाव, पावसाचा अंदाज, परगावच्या आप्तांची खुशाली त्यावरच कळते. प्रश्न आहे तो त्यास किती वेळ द्यावा, हा.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने त्यावर एक उपाय योजला. १५ ऑगस्ट २०२२ पासून तेथे सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजू लागला. तो वाजताच दीड तास मोबाइल व दूरचित्रवाणी संच बंद ठेवावयाचे आणि मुलांनी अभ्यासास बसावयाचे, असे ठरले. विशेष हे, की हा नियम केवळ मुलांसाठी नव्हता. तो थोरांनीही पाळावयाचा होता.

प्रत्येक गावात असा भोंगा नसतो. परंतु “बाबा, थोडा वेळ इकडे बघा ना,” असे मुलाने नम्रपणे म्हटले, तर बहुतेक वडील मोबाइल खाली ठेवतील. आणि धाकट्या भावंडाने हाक मारली, म्हणजे मुलानेही तसेच करावे.