रुजू होऊन तीनच दिवस

मिशेल हॉवर्ड यांची ओळख करून देताना ‘पहिली’ हा शब्द टाळताच येत नाही. अमेरिकी युद्धनौकेची धुरा सांभाळणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री, अमेरिकी नौदलातली पहिली चार ताऱ्यांची महिला ॲडमिरल. हे सारे खरेच आहे. पण या बिरुदांच्या गर्दीत त्यांचे दर्यावर्दीपण झाकले जाते, आणि त्यांचे खरे मोल तर तिथेच आहे.

पूर्वपीठिका थोडक्यात अशी. जन्म १९६०, कॅलिफोर्नियातल्या हवाई दलाच्या तळावर; वडील हवाई दलात, आई ब्रिटिश. बाराव्या वर्षी टीव्हीवर सैनिकी अकादमीचा माहितीपट पाहिला आणि तिथेच जायचे ठरवले. तेव्हा मुलींना प्रवेश नव्हता. मोठी झाल्यावरही जावेसे वाटले आणि नकार मिळाला, तर सरकारवर खटला भरू, असे आई म्हणाली. खटल्याची वेळ आली नाही. १९७५ मध्ये कायदा बदलला आणि १९८२ मध्ये हॉवर्ड ॲनापोलिसच्या नौदल अकादमीतून पदवी घेऊन बाहेर पडल्या. लढाऊ जहाजांची दारे मात्र १९९३ पर्यंत बंदच होती, म्हणून सुरुवातीची वर्षे रसद आणि प्रशिक्षणाच्या जहाजांवर गेली. १९९९ मध्ये ‘रशमोर’ या जहाजाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले.

आता एप्रिल २००९. सोमालियाजवळच्या समुद्रात चाच्यांनी उच्छाद मांडला होता. आदल्या वर्षी १८ भारतीय खलाशी असलेले ‘स्टोल्ट व्हॅलॉर’ त्यांनी पळवले होते. जहाजावर नोकरी करणाऱ्यांच्या मुंबईतल्या, कोकणातल्या घरांना ती बातमी परक्या समुद्रातली वाटली नसणार. त्याच २००८ च्या ऑक्टोबरपासून भारतीय नौदलाने एडनच्या आखातात गस्त सुरू केली. चाच्यांविरुद्धच्या बहुराष्ट्रीय ‘टास्क फोर्स १५१’ची सूत्रे हॉवर्ड यांनी घेतली आणि तीनच दिवसांत ‘मर्स्क अलाबामा’ या अमेरिकी मालवाहू जहाजावर हल्ला झाल्याची खबर आली.

खलाशांनी जहाज राखले, पण चाचे कप्तान रिचर्ड फिलिप्स यांना ओलीस धरून बंदिस्त लाइफबोटीतून निघाले. जेमतेम २८ फुटांची बोट, आत चार चाचे आणि एक ओलीस. बाहेर जगातले सर्वात बलाढ्य नौदल, पण तोफा डागून उपयोग शून्य. खरी भीती किनाऱ्याची होती. बोट सोमालियाला लागली असती, तर फिलिप्स कुठल्या वस्तीत नाहीसे झाले असते, याचा पत्ता लागणे कठीण होते. त्यामुळे शत्रूला गाठण्यापेक्षा त्याला जमिनीपासून अडवून धरणे महत्त्वाचे होते. घाई केली तर ओलीस जाणार, आणि फार थांबावे तर किनारा येणार. ‘बॉक्सर’ या जहाजावरून हॉवर्ड ही मोहीम हाताळत होत्या.

लाइफबोटीसमोर उभी असलेली विनाशिका होती ‘बेनब्रिज’. हे नाव ज्यांच्यावरून ठेवले, ते विल्यम बेनब्रिज १८०३ मध्ये त्रिपोलीजवळ जहाज खडकावर रुतल्याने स्वतःच शत्रूच्या कैदेत पडले होते आणि तब्बल १९ महिने तिथे होते. इतिहासाचे असे योगायोग फार क्वचित सापडतात.

पुढे इंधन संपले, समुद्र खवळला आणि चाच्यांनी बोट दोराने ओढू द्यायला होकार दिला. हाताला जखम झालेला एक चाचा वाटाघाटींसाठी बेनब्रिजवर आला. दोर आखडता घेत बोट जवळ आणली गेली. १२ एप्रिलच्या संध्याकाळी, फिलिप्सवर बंदूक रोखलेली दिसताच बेनब्रिजच्या मागच्या डेकवरून नेमबाजांनी एकाच वेळी नेम साधला आणि तिन्ही चाचे ठार झाले. डोलणाऱ्या जहाजावरून डोलणाऱ्या बोटीतले लक्ष्य! फिलिप्स सुखरूप सुटले. टॉम हँक्सच्या चित्रपटाने त्यांचे नाव घरोघरी नेले. त्या मानाने हॉवर्ड यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि हा अन्याय वाटतो.

१ जुलै २०१४ रोजी त्यांच्या खांद्यावर चौथा तारा चढला. समारंभासाठी त्यांनी पट्ट्या मागवल्या, तर महिलांसाठी चार ताऱ्यांच्या पट्ट्या मुळात अस्तित्वातच नव्हत्या. त्या खास बनवून घ्याव्या लागल्या. त्यानंतर नौदलाच्या उपप्रमुख, मग युरोप आणि आफ्रिकेतल्या अमेरिकी नौदलाच्या प्रमुख, असा प्रवास करत २०१७ मध्ये त्या निवृत्त झाल्या. २०२१ मध्ये अमेरिकी यादवीतल्या बंडखोर पक्षाची नावे लष्करी तळांवरून हटवण्यासाठी आयोग नेमला गेला, तेव्हा त्याचे अध्यक्षपदही हॉवर्ड यांच्याकडेच आले.