सुई दंडात, आग फुफ्फुसात

मुरब्याच्या एका मावशीचं मी बरीच वर्षं देणं लागत होतो. पैशाचं नव्हे, उत्तराचं.

मुरबे म्हणजे सातपाटीच्या खाडीपलीकडचं मच्छीमारांचं गाव. मावशी तिथून बोईसरच्या बाजारात मासळी घेऊन येते आणि गुडघे दुखू लागले की माझ्या दवाखान्यात डोकावते. वयाच्या अधिकाराने ती मला सरळ अरेतुरे करते. मलाही ते आवडतं. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनची लाट आली तेव्हा मावशीला ताप भरला आणि तपासणीत करोना निघाला. चार दिवसांत ती उठलीही. पण बरी झाल्यावर आली ती भांडायलाच. "दोन-दोन सुया टोचल्या ना रे माझ्या दंडात? मग मला झाला कसा?" बाहेर रांग लागली होती. "विषाणू बदलला, मावशी," एवढं बोलून मी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

उत्तर खोटं नव्हतं, अर्धं होतं. त्याची किंमत भलत्यानेच मोजली. त्या वर्षाच्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवराची साथ पसरली. त्याच सुमारास मावशी दीड वर्षाच्या नातवाला कडेवर घेऊन आली. अंगभर पुरळ, डोळे लाल, छाती भरलेली. गोवराची सुई दिली होती का, असं विचारल्यावर सून मान खाली घालून म्हणाली, "आईंनी नको म्हटलं. सुया घेऊनही होतंच ना, म्हणाल्या." पोर आठवडाभर रुग्णालयात राहून बरं झालं. मी मात्र मनातून ओशाळलो.

तेव्हा हे उरलेलं अर्धं उत्तर.

आमच्याकडे दाखला द्यायचा तर तो तारापूर एमआयडीसीचाच. रसायनांच्या कारखान्यात फाटकावरचा पहारेकरी खिसे तपासतो, विडी-काडी आत जाऊ देत नाही. आपल्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, हे असले पहारेकरी. विषाणू पेशीत शिरण्याआधीच ती त्याला धरतात. पण एखादी काडी आत गेलीच आणि भडका उडाला तर पहारेकरी काय करणार? तिथे बंबच हवा. टी-पेशी हा आपला बंब. विषाणू शिरलेली पेशी हुडकायची आणि ती नष्ट करायची, हे त्यांचं काम. आग लागूच नये, हे त्यांच्या हाती नसतं. ती शेजारच्या शेडपर्यंत पोचू नये, हे असतं.

ओमायक्रॉनने चकवलं ते पहारेकऱ्यांना. अंगावरच्या काट्यांचं, म्हणजे स्पाइक प्रथिनाचं रूप त्याने इतकं पालटलं होतं की जुन्या फोटोवरून त्याची ओळख पटेना. टी-पेशी मात्र या प्रथिनाचे बारीक तुकडे ओळखतात, आणि त्यातले बरेचसे तुकडे जसेच्या तसे होते. मावशी चार दिवसांत उठली, त्याचं थोडंफार श्रेय मी या बंबाला देतो. आणि हा बंब लवकर गंजत नाही. २००३ मध्ये सार्स होऊन गेलेल्या सिंगापुरातल्या लोकांच्या रक्तात १७ वर्षांनंतरही त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशी सापडल्या.

मग अडलं कुठे? अंतरावर. दंडात टोचलेल्या लशीने तयार होणाऱ्या टी-पेशी मुख्यतः रक्तात आणि लसिकाग्रंथींत वावरतात. वर्दी मिळून, संख्या वाढवून फुफ्फुसात पोचायला त्यांना काही दिवस लागतात. ओमायक्रॉनला माणूस आजारी पाडायला तीनेक दिवस पुरत.

कारखान्याच्या आवारातच बंब उभा असला तर? निसर्गाने ती सोय केली आहे. फुफ्फुसात एकदा संसर्ग होऊन गेला की काही टी-पेशी रक्तात परततच नाहीत, तिथेच ठाण मांडतात. त्यांना निवासी स्मृतिपेशी म्हणतात. पंचाईत अशी की त्या दंडातून रक्त काढून मोजता येत नाहीत. घशातून दुर्बीण घालून फुफ्फुस धुतलेलं पाणी तपासावं लागतं. २०२२ मध्ये अमेरिकेत असं पाणी तपासलं गेलं. करोना होऊन गेलेल्यांच्या फुफ्फुसात या पेशी होत्या. नुसती एमआरएनए लस घेतलेल्यांच्या रक्तात बंदोबस्त चोख, पण फुफ्फुसात जवळजवळ शुकशुकाट. आपल्याकडे बहुतेकांनी घेतलेली लस वेगळी, पण टोचली गेली तीही दंडातच.

मग लस नाकातूनच का देऊ नये? ते झालंही आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये स्वाइन फ्लूवर नाकात फवारायची लस आणली होती. भारत बायोटेकची करोनावरची नाकातली लस २६ जानेवारी २०२३ रोजी आली. पण नाकात थेंब टाकले म्हणून खाली फुफ्फुसात बंब उभा राहिलाच, असं धरून चालता येत नाही. शिवाय या निवासी पेशी टिकाऊ नाहीत. उंदरांना फ्लू झाल्यावर फुफ्फुसात जमलेल्या अशा पेशी काही महिन्यांत ओसरतात. जिथे हवा खेळती राहायला हवी तिथे कायमची फौज ठेवणं शरीराला परवडत नसावं, असा माझा आपला तर्क.

आता नातवाचं. गोवराचा विषाणूही श्वासातूनच शिरतो. पण पुरळ उमटेपर्यंत त्याला साधारण दोन आठवडे लागतात, आणि तेवढ्यात रक्तातून प्रवास केल्याशिवाय त्याला अंगभर पसरता येत नाही. रक्तात तर सुईने नेमलेले पहारेकरी बसलेलेच असतात, बंबालाही निघायला भरपूर वेळ मिळतो. शिवाय हा चोर रूप बदलत नाही. म्हणूनच गोवराच्या लशीचे दोन डोस शंभरातल्या सुमारे ९७ मुलांना राखतात. करोनाच्या सुईचा राग गोवराच्या सुईवर काढणं म्हणजे पापलेट महाग झालं म्हणून बोंबीलवालीशी भांडणं.

परवा मावशीला हे सगळं सांगितलं, बंबासकट. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"मग तेव्हाच का नाय सांगितलंस?"

"रांग होती, मावशी."

"आज नाय काय?" तिने बाहेर बोट दाखवलं. रांग होतीच. मग पिशवीतून एक चुरगळलेलं कार्ड काढून तिने टेबलावर ठेवलं. नातवाच्या पाठची नात नऊ महिन्यांची झाली होती. "हिची गोवराची सुई कधी, ते वाच," ती म्हणाली.